सोंगटीनंतर खडू

नागपूर,
आषाढ

चि. बाईंस,

जबलपूरच्या रांझीतल्या शाळेत आता तू मॅडम झालीस. मी मात्र आपल्या मराठी रिवाजाने बाईच म्हणणार. तुझं पत्र पोचलं. तिसरीत तू सापशिडी घेतलीस, मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला, शेजारच्या वर्गाने तक्रार केली आणि हेडसरांनी बोलावून विचारलं, "मॅडम, कोर्स कब पूरा होगा?" आता खेळ बंद करू का, असं तू मला विचारतेस.

बंद करू नकोस. पण हेडसरांचा प्रश्न उडवूनही लावू नकोस. जे शिकवायचं ते खेळाच्या नियमातच मुरलेलं असेल, आणि खेळ संपल्यावर तेच खडूने फळ्यावर आणि पेन्सिलीने वहीत उतरत असेल, तर खेळ हाच कोर्स. यातलं एकही नसेल तर मुलांचा वेळ मजेत गेला एवढंच, आणि त्यासाठी मधली सुट्टी आहे. माझं सगळं सांगणं या दोन अटींबद्दल आहे.

आधी तुझा वर्ग डोळ्यांपुढे आण. १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, मग खमरियाची, मग व्हेइकल फॅक्टरी, आणि देशभरची माणसं जबलपूरच्या या टोकाला येऊन वसली. घरी मराठी, तमिळ, बंगाली, भोजपुरी आणि बुंदेली बोलणारी मुलं तुझ्या एकाच बाकावर बसतात. मंडला-डिंडोरीकडून मजुरीला आलेल्यांची लेकरंही त्यांत आहेत. अशा वर्गात जूनमध्ये तू घसा फोडून समजावलंस तरी निम्म्यांच्याच पदरात पडतं. खेळाचा नियम मात्र एकदा करून दाखवला की सगळ्यांना कळतो. मागच्या बाकावरचा जो मुलगा म्हणजे नर्मदेतला गोटा असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं, तोही फासा हातात आला की पुढे सरकून बसतो. हे मी रांझीत आणि जबलपूरच्याच गढ्यातही पाहिलं आहे. म्हणून खेळ सोडायचा नाही.

आता तुझी सापशिडीच घेऊ. मुलगी सत्तावीसच्या घरात आहे आणि फासा पाचाचा पडला. ती सोंगटी उचलते आणि ठोकत जाते: एक, दो, तीन, चार, पाँच. बत्तीसवर पोचली. या खेळीत ती काय शिकली? पाचापर्यंत मोजणं, जे तिला अंगणवाडीतच येत होतं. आता नियम एवढाच बदल की सोंगटी ज्या घरात पडेल त्या घराचा आकडा मोठ्याने म्हणायचा. अट्ठाईस, उनतीस, तीस, इकतीस, बत्तीस. आकडा चुकला तर सोंगटी परत सत्तावीसवर. पट तोच, फासा तोच, पण आता तिला सत्तावीस आणि पाच यांची बेरीज करावी लागते, तीही कोणी सांगितल्याशिवाय. अमेरिकेत एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीगलर यांनी बालवाडीच्या मुलांना शंभर घरांच्या पटावर खेळवून नेमकं हेच तपासलं आणि २०१४मध्ये प्रसिद्ध केलं. घरावरचा आकडा म्हणत पुढे जाणाऱ्या मुलांची संख्यांची समज वाढली. दर खेपेला एकपासून मोजणारी मुलं मागे राहिली. त्याआधी सीगलर यांनी गीता रमाणी यांच्याबरोबर दाखवलं होतं की ओळीने आकडे लिहिलेल्या साध्या पटावर सगळा मिळून तासभर खेळल्यानेही गरीब घरांतल्या लहानग्यांना फायदा होतो. तसाच पट नुसत्या रंगांच्या घरांचा असेल तर होत नाही. बघ, खेळात शिक्षण कुठे असतं ते. मुलाच्या तोंडून आणि डोक्यातून त्या क्षणी जे जातं, तेवढंच त्याच्याजवळ राहतं.

बाजारात मिळणारा पटही वापरू नकोस. त्यावरची ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि पुढची उजवीकडून डावीकडे वळते. खेळायला ते छान आहे, शिकायला नाही. शाळेच्या ओसरीवर गेरूने तू स्वतः पट आख आणि प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू कर: खाली एक ते दहा, त्यावर अकरा ते वीस. मग चोविसाच्या बरोबर वर चौतीस येतो, त्याच्यावर चव्वेचाळीस. सरळ वर जाणारी शिडी म्हणजे दहा अधिक, सरळ खाली येणारा साप म्हणजे दहा वजा. तू एक शब्द न बोलता दहादहाची रचना मुलांच्या पायाखाली येते. आठवडाभरात कुणीतरी ओरडेलच, "मैडम, सीढ़ी में हमेशा दस बढ़ता है!" तो दिवस वहीत लिहून ठेव.

उनतीस, उनतालीस, उनसठ इथे मुलं अडखळतील. हिंदीतही आपल्यासारखंच नवाचं घर बहुतेक ठिकाणी पुढच्या दशकाच्या नावाने ओळखतात आणि लहान मुलाची तिथे हमखास फसगत होते. मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष असताना, २०१९मध्ये, दुसरीच्या पुस्तकात पासष्टला 'साठ पाच' असंही वाचायची सोय केली गेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं! मला ती सोय पटली होती आणि आजही पटते. तुझ्या वर्गातही जो अडेल त्याला 'पचास नौ' म्हणू दे, शेजारचा 'उनसठ' सांगेल, खेळ पुढे जाईल. खेळ थांबवून नावं घोकून घेऊ नकोस.

आता दुसरी अट, आणि ही जास्त महत्त्वाची. दिल्लीत प्रथम संस्थेच्या दोनशेहून अधिक बालवाड्यांत एक मोठा प्रयोग झाला. मोइरा डिलन, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१७मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. सुमारे पंधराशे मुलं होती. त्यांतल्या काही मुलांना चार महिने गणिताचे खेळ दिले: कुठल्या ढिगात जास्त ठिपके, कुठली आकृती बाकीच्यांहून वेगळी, असे. मुलं रंगून खेळली. कमी-जास्त ओळखण्याची, आकार पारखण्याची त्यांची जाण वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण तीच मुलं पहिलीत गेली तेव्हा शाळेच्या गणितात ती इतरांपुढे नव्हती. मला हा निकाल वाचून वाईट वाटलं होतं, पण तो तुझ्या टेबलावर सतत असायला हवा. डोळ्यांना उमगलेलं आणि आकड्यांत लिहिलेलं यांच्यामध्ये एक ओढा आहे आणि मूल तो आपोआप ओलांडत नाही. २०२५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने हेच दुसऱ्या टोकाने दाखवलं. दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशोब तोंडी चोख करत, पण तसंच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिलं की अडत. ग्वारीघाटावर दिवे आणि फुलं विकणारी पोरं तू रोज पाहतेस. पन्नासच्या नोटेतून किती परत द्यायचे हे ती किती सहज सांगतात! वर्गात तीच मुलं वजाबाकीपुढे गप्प होतात. त्यांना गणित येत नाही असं कृपा करून कधी म्हणू नकोस. त्यांना ओढ्यावरचा साकव मिळालेला नाही, आणि तो बांधणं हे तुझं काम.

ते असं कर. चार-चारचे गट पाड. एक फासा टाकील, दुसरा सोंगटी चालवील, तिसरा आकडे पुकारील आणि चौथा वहीत लिहील: २७ + ५ = ३२. शिडी आली तर ३२ + १० = ४२. दर डावाला कामं बदलायची. हा चौथा गडी म्हणजे सगळ्या खेळाचा जीव. तास चाळीस मिनिटांचा असेल तर पंचविसाव्या मिनिटाला सोंगट्या उचलायच्या, डाव कितीही रंगात असो, आणि उरलेला वेळ फळ्यापाशी घालवायचा. त्यांच्याच वहीतली पाच गणितं फळ्यावर लिही आणि विचार: ही चाल कुणाची? छत्तीसवरून एकोणपन्नासला एका खेळीत जाता येईल का? फाशावर सहापर्यंतच आकडे आहेत, मग कसं? कुणी शिडी शोधून काढील, कुणी म्हणेल जमणारच नाही, आणि दोघांनाही कारण सांगावं लागेल. गोंगाटाचा प्रश्नही याने बराचसा सुटतो. ज्याच्या हाताला काम नसतं तोच ओरडतो.

पाचवी-सहावीला चिंचोके आण. आपण ज्याला चल्लस-आठ म्हणतो तो खेळ तिकडची मुलं अष्टा-चंगा म्हणून खेळतात, त्यामुळे नियम शिकवायला लागत नाहीत. चिंचोका फोडून केलेल्या चार फाकी घ्यायच्या; एका अंगाने पांढऱ्या, दुसऱ्या अंगाने काळपट. जितक्या पांढऱ्या वर येतील तितकं दान, आणि चारही काळ्या आल्या तर आठ. मुलांना आधी विचार, कुठलं दान सगळ्यांत जास्त वेळा पडेल? बहुतेक 'कुछ भी पड़ सकता है' म्हणतील. मग चार गटांनी चाळीस-चाळीस दानं टाकायची, प्रत्येक दानाला एक रेघ, आणि शेवटी फळ्यावर सगळ्यांची बेरीज. दोनाची रांग लांबच लांब जाते आणि आठाची खुरटी राहते. का? आता वहीत चार फाकींच्या सगळ्या मांडण्या लिहून काढायला लाव. सोळा निघतात. दोन पांढऱ्या येण्याच्या सहा तऱ्हा, चारही काळ्या येण्याची एकच. दोन्ही अंगं सारखीच पडत असती तर एकशे साठ दानांत आठ दहाच्या आसपास पडायला हवा आणि दोन साठच्या आसपास. प्रत्यक्षात आकडे हलतील, कारण चिंचोक्याचं एक अंग फुगीर असतं आणि दुसरं सपाट. इथेच खरी गंमत आहे, म्हणून घाई करू नकोस. हिशोब आणि चिंचोके जुळत नाहीत हे दिसलं की मुलं भांडू लागतात. कुणी म्हणतं मोजणी चुकली, कुणी म्हणतं चिंचोके बेईमान आहेत. मग चार नाणी दे आणि पुन्हा टाकायला सांग. संभाव्यतेचा धडा पुढे पुस्तकात येईल तेव्हा ही मुलं त्याला घाबरणार नाहीत.

एक गोष्ट कटाक्षाने टाळ: बाद करणारे खेळ. पाढ्यांचा तो खेळ तुला ठाऊक आहे. मुलं गोलात उभी, आकडे म्हणत जायचे, साताच्या पाढ्यातला आकडा आला की टाळी, चुकला तो बाहेर. पहिल्या मिनिटात कोण बाहेर पडतं? ज्याला सराव सगळ्यांत जास्त हवा तोच, आणि मग तो अर्धा तास भिंतीला टेकून हुशार मुलांचा सराव पाहतो. नियम उलटा कर. चुकेल त्याच्या हातात पाढ्याचा कागद द्यायचा आणि पुढच्या फेरीत तो पंच. पंचाला प्रत्येक आकडा तपासावा लागतो, म्हणजे सगळ्यांत जास्त पाढा त्याच्याच नजरेखालून जातो. एका फेरीनंतर तो परत गोलात.

बक्षिसांचंही तेच. तारे, गुण, चॉकलेट, मोबाइलवरच्या प्रश्नमंजूषेतले बिल्ले यांची सवय लावू नकोस. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३चा प्रयोग शिक्षकी पेशातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. चित्र काढायची आवड असलेल्या लहान मुलांना 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं आधी सांगितलं. मिळालंही. पण काही दिवसांनी कागद आणि रंगीत पेनं नुसती समोर ठेवली तर तीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्र काढत बसली. आवडीला भाव लावला की आवड आटते. डाव जिंकल्याचा आनंद पुरेसा असतो. त्यावर लालूच चढवायची गरज नाही.

आठवीचा इतिहासही तुझ्याच गळ्यात पडलाय म्हणतेस. त्याला सोंगट्या नकोत, सोंगं हवीत. आणि जबलपूरसारखं भाग्य कुठल्या वर्गाला! मुलं रोज कमानिया गेटखालून जातात. ते ज्याची आठवण आहे ते त्रिपुरी काँग्रेसचं अधिवेशन वर्गात भरव. मार्च १९३९. सुभाषबाबू १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पट्टाभी सीतारामय्यांना हरवून पुन्हा अध्यक्ष झालेले, पण तापाने फणफणलेले. मिरवणुकीत बावन्न हत्तींच्या रथात त्यांची तसबीर, कारण ते स्वतः बसूही शकत नव्हते. अध्यक्षीय भाषण वाचलं भाऊ शरद्‌चंद्रांनी. आणि समोर गोविंद वल्लभ पंतांचा ठराव, की अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी. वर्गाचे तीन तट पाड: सुभाषबाबूंचे, पंतांचे, आणि तटस्थ राहिलेले समाजवादी. प्रत्येक तटाला दोन दिवस आधी वाचायला दे. नियम असा, की जे बोलायचं त्याला त्या वेळच्या घडामोडींतला आधार हवा. आधार नसलेलं वाक्य सभापती खोडणार. तिसऱ्या दिवशी भाषणं आणि मतदान.

एखादं मूल विचारीलच, गांधीजी कोण होणार? कुणीच नाही. गांधीजी त्रिपुरीला आलेच नव्हते, ते राजकोटला होते. जो माणूस सभेत नाही त्याच्याभोवती सगळी सभा फिरते, हे पुस्तकातल्या चार ओळींतून मुलांना कळत नाही, इथे बोलता बोलता कळतं. मतदानात ठराव पडला तरी घाबरू नकोस. त्रिपुरीला तो मंजूर झाला आणि २९ एप्रिलला सुभाषबाबूंनी राजीनामा दिला, हे नंतर सांग. मग प्रत्येकाला एक पान लिहायला दे: आपल्या सभेत निकाल वेगळा का लागला? किंवा तोच का लागला? खेळ या पानासाठी होता. ते पान नाही लिहून घेतलंस तर गॅदरिंगच्या नाटुकल्यात आणि यात फरक उरणार नाही.

हेडसरांशी बोलताना हे नवं खूळ आहे असं कुणाला वाटू देऊ नकोस. गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर काढलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, अनुताई वाघांना सोबत घेऊन, पानं, बिया, शंख-शिंपले यांवर आदिवासी मुलांचं शिक्षण उभं केलं. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न'मधला मास्तर तर चौथीच्या वर्गावर तुझ्याचसारखा गोंगाटाच्या तक्रारी ऐकत असतो, आणि वर्षअखेरीच्या परीक्षेची अट त्यालाही असते. आपलं जबलपूरही यात मागे नव्हतं. मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या शिक्षकांचं शिक्षण तिथल्याच स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजात व्हायचं. अमरावती-अकोल्याचे कितीतरी मराठी मास्तर तिथे घडले. आणि आता तर कागदही तुझ्या बाजूने आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळातूनच शिकवावं असं २०२२चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा सांगतो, आणि खेळणी-कोडी-पटांची 'जादुई पिटारा' ही पेटी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३मध्ये काढली. तुझ्या शाळेत ती आली असेल तर कपाटातून बाहेर काढ.

तरी कागदावर फार विसंबू नकोस. नर्मदेच्याच काठी, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली सोळा शाळांत हातांनी करून विज्ञान शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला. अरविंद गुप्ता तिथे १९७८मध्ये गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे नि आगकाड्या यांतून त्यांनी मुलांना भूमिती दिली. काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. पुलांना आणि छपरांना त्रिकोण का असतात ते मूल बोटांनी शिकतं. तीस वर्षं चाललेला हा कार्यक्रम शासनाने २००२मध्ये बंद केला. इतकं चांगलं काम बंद होऊ शकतं, तर एका बाईचा एक तास बंद व्हायला काय लागतं? म्हणून आपल्या कामाची नोंद आपण ठेवायची. खेळाआधी कुणाला काय येत होतं आणि महिन्याने काय येऊ लागलं, दोन रकाने, प्रत्येक मुलाच्या नावापुढे. पालकांना भरलेल्या वह्या पाहायच्या असतात. त्यांचं चुकत नाही. वही हाच त्यांना दिसणारा पुरावा. चौथ्या गड्याची वही त्यांना दाखव.

एवढं सगळं सांगितलं तरी यंदा दोनच खेळ घे, एक तिसरीला, एक आठवीला, आणि ते वर्षभर सुधारत राहा. शेजारच्या वर्गाच्या बाईंना पहिल्याच आठवड्यात आपल्या तासाला बोलाव. तक्रार करणारं माणूस बहुतेक वेळा आत काय चाललंय हे न कळल्यानेच करतं. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला येशील तेव्हा ती दोन रकान्यांची नोंद घेऊन ये, आपण दोघी मिळून एकेका मुलाचं नाव घेऊन पाहू.

तुझी,
आत्या